सायकल आपल्या मापाची

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. ज्या भगिनींना त्या दिवशी येणे जमले नाही, त्यांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेत आजवर आपण आहार, बालसंगोपन, बचत, वारसाहक्क अशा विषयांवर पुष्कळ ऐकले. त्यांच्या पंगतीला सायकलीची सीट आणि हँडल आणून बसवणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय मी मुद्दाम मागून घेतला आहे. मंडळाच्या सायकलवर्गाचे काम पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. स्त्रिया सायकल लवकर शिकतात आणि लवकरच सोडतातही. का सोडली असे विचारले की 'वेळ होत नाही', 'रहदारी फार वाढली' अशी उत्तरे मिळतात आणि ती खोटीही नसतात. पण शेजारी बसून जरा आस्थेने विचारले की हळूहळू दुसरेच कारण बाहेर येते. 'हाताला मुंग्या येतात हो.' 'गुडघा धरतो.' आणि सर्वांत शेवटी, आवाज आणखी खाली नेऊन, 'बसायच्या जागी बधिर होते, ताई. हे कुणाला सांगणार?'

आपल्याकडे म्हणच आहे, अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य! सांगायची सोय नाही, तेव्हा बाई सायकल निमूटपणे जिन्याखाली लावून ठेवते. वर्षभराने ती भाच्याला देऊन टाकते आणि 'आता आपले वय झाले' अशी स्वतःची समजूत घालते. मला आज एवढेच सांगायचे आहे की, बहुतेक वेळा हा दोष वयाचा नसतो, शरीराचाही नसतो. तो मापाचा असतो; आणि माप एक पाना हाती घेऊन अर्ध्या तासात सुधारता येते.

आपण ब्लाउज शिवायला टाकतो तेव्हा पाच-सहा मापे देतो. काखेत काचला तर उसवून परत शिवून घेतो. चप्पल चावली तर दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन दाखवतो. आणि जिच्यावर रोज अर्धा-पाऊण तास शरीराचा सगळा भार टाकायचा, ती सायकल मात्र दुकानात जशी उभी होती तशीच घरी आणतो आणि मग तिच्या मापाने स्वतःला वाकवतो. हे उलटे झाले. सायकल आपल्या मापाने बेतली पाहिजे.

हा प्रश्न काही आजचा नव्हे. दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला साखळी असलेली, आपल्या ओळखीची सायकल इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ साली आणली. १८८८ साली डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतील स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलीवर बसू लागल्या. सीटचा त्रास तेव्हापासूनचा आहे. त्या काळच्या कित्येक डॉक्टरांनी 'स्त्रियांनी सायकल चालवूच नये' असा सल्ला दिला. काही कारखानदारांनी मात्र शहाणपणाने सीटच बदलली. दोन बाजूंना दोन गाद्या आणि मधे मोकळी जागा अशी ख्रिस्टी नावाची सीट १८९० नंतरच्या दशकात विकली जात होती. आज दुकानदार मधे पन्हळ असलेली सीट नवी म्हणून दाखवतात. तिची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील समाजकार्यकर्त्या फ्रान्सिस विलर्ड या वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. तेव्हा वयाची सबब येथे कोणी सांगू नये!

आपल्या देशातील उदाहरण तर त्याहून मोठे आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरतेच्या मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्याची चळवळ उभी राहिली. तिला जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांचे पाठबळ होते. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिले आहे की, तेथे लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रिया सायकल चालवू लागल्या. त्यांतल्या कित्येकींनी बायकी सायकल नको, पुरुषी सायकलच हवी असे सांगितले. कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. दुकानदार काय म्हणतो ते त्यांनी पाहिले नाही, स्वतःची गरज पाहिली. आपणही तेच करायचे आहे.

आता मुळाशी जाऊ. बधिरपणा येतो कसा? मांडी घालून फार वेळ पोथी वाचत बसले की पाय झोपतो, हे आपण सर्वजणी जाणतो. शिरेवर आणि मज्जातंतूवर दाब पडला की संवेदना वर पोहोचत नाही. दाब सुटला की मुंग्या येऊन ती परत येते. सायकलीवर आपले शरीर तीनच ठिकाणी टेकलेले असते: बैठक, हाताचे तळवे आणि पायाचे तळवे. ह्या तीन ठिकाणी भार नीट वाटला गेला नाही, की जेथे जास्त पडतो तेथला मज्जातंतू तक्रार करू लागतो. ती तक्रार सोसून दाखवण्याची नाही, ऐकण्याची आहे.

प्रथम बैठकीचा विचार करू. लाकडी पाटावर ताठ बसले की खाली दोन हाडे टेकलेली जाणवतात. ही आपली बैठकीची हाडे. निसर्गाने भार घेण्याची योजना त्यांच्याकडे केली आहे. त्यांच्या मधला भाग मऊ असतो. त्यातून प्युडेंडल नावाचा मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर राहिला तर तासभर बसूनही काही होत नाही. तो मधल्या मऊ भागावर आला तर पंधरा मिनिटांत बधिरता, जळजळ आणि पुढे सूजही येते. म्हणून सीट हाडांना पुरेल इतकी रुंद हवी. स्त्रियांची ही हाडे सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा अधिक अंतरावर असतात. तेव्हा मुलाची किंवा यजमानांची गिअरची सायकल घेतली आणि तिच्या अरुंद सीटवर बसले की हाडे दोन्ही कडांच्या बाहेर आणि मऊ भाग बरोबर मध्यावर, अशी अवस्था होते.

हे माप घरी घेता येते. खोक्याचा नळीदार पुठ्ठा घ्यावा, जिन्याच्या कठीण पायरीवर ठेवावा आणि पातळ कपड्यांनिशी त्यावर बसावे. पावले चवड्यांवर उचलावीत, किंचित पुढे वाकावे आणि मिनिटभर तसेच राहावे. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले दिसतील. बोटांनी चाचपले तर चांगलेच कळतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे आणि त्यात दोन ते अडीच सेंटीमीटर मिळवावेत. समजा अंतर १३ सेंटीमीटर आले, तर सीटचा मागचा रुंद भाग १५ ते साडेपंधरा सेंटीमीटर तरी असावा. ताठ बसून चालवणारीला ह्याहून थोडी रुंद सीटही सोसते.

येथे एक समज दूर केला पाहिजे. सीट टोचते म्हटले की घरचे लोक लगेच जाड मऊ गादीचे कव्हर आणून देतात. दोन दिवस बरे वाटते आणि मग बधिरपणा वाढतो. त्याचे कारण आपल्या पोळपाटावरच आहे. मळलेल्या कणकेच्या गोळ्यात दोन बोटे खुपसली की मधली कणीक वर येते. फार मऊ गादीत तसेच होते. हाडे खाली रुततात आणि मधली गादी वर येऊन नेमकी नको तेथे दाबते. सीट बेताची घट्ट आणि आकाराने योग्य असावी. जुन्या चामड्याच्या सीटचेही असेच आहे. पावसात भिजून, वर्षानुवर्षे वापरून ती झोळीसारखी लोंबते आणि हाडांचा आधार जातो. अशा कित्येक सीटना नाकाखाली ताण देण्याचा नट असतो, तो थोडा फिरवला की चामडे ताणते. फारच लोंबली असेल तर तिला निरोप द्यावा.

आता सीटची उंची. भिंतीला एका हाताने टेकून सायकलीवर बसावे, पायडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर पायाची टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलंडता कामा नये. मग चालवताना चवडा पायडलवर आला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. तेवढाच हवा. ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस ह्या संशोधकांनी असे मांडले की, पायाच्या आतल्या बाजूची लांबी जितकी असेल तिच्या १०९ टक्के अंतर सीटच्या माथ्यापासून खालच्या पायडलपर्यंत असावे. आतली लांबी ७४ सेंटीमीटर असेल तर हे अंतर सुमारे ८०.७ सेंटीमीटर होते. हा हिशेब त्यांनी अधिक जोर लागावा म्हणून केला होता. आपल्याला तो पडताळ्यापुरता पुरे. टाचेची कसोटी आणि हा आकडा यांत थोडा फरक पडला तर जे शरीराला मानवते ते खरे.

सीट फार उंच असली तर प्रत्येक पायडलागणिक कंबर डावी-उजवी झुलते आणि मऊ भाग घासला जातो. हे स्वतःला दिसत नाही. मागून येणाऱ्या मैत्रिणीला पाहायला सांगावे. सीट फार खाली असली तर पाय पुरता भार घेत नाहीत, सगळे वजन बैठकीवरच राहते आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते. गुडघ्याच्या मागे ताण बसत असेल तर मात्र सीट उंच आहे असे समजावे. आपल्या वर्गात उंच सीट क्वचितच आढळते. खाली ठेवलेली सीट मात्र दहांतल्या सातजणींकडे सापडते आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर भीती वाटते! शिकताना पहिले काही आठवडे हे ठीकच आहे. पण तोल साधल्यावर थांबण्याची रीत बदलावी. ब्रेक लावताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर टेकावा, दुसरा पायडलवर राहू द्यावा. दांडी नसलेल्या सायकलीवर हे साडी किंवा पंजाबी ड्रेस घालूनही सहज जमते. ही एक गोष्ट साधली की सीट योग्य उंचीवर नेण्याचे धाडस होते. आणि ती एकदम तीन बोटे चढवू नये. अर्धा-अर्धा सेंटीमीटर करीत, मधे दोन-तीन दिवस जाऊ देऊन चढवावी. सीटच्या दांड्यावर एक मर्यादेची खूण कोरलेली असते, ती बाहेर दिसू लागेल इतका दांडा कधीही वर ओढू नये, तो मोडतो.

उंचीनंतर सीटचा कल. बधिरपणाचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. सीटचे पुढचे नाक वर उचललेले असेल तर ते नको त्या ठिकाणी रुतते. सायकल सपाट फरशीवर सरळ उभी धरावी, सीटवर लांबीत एक सरळ फळी ठेवावी आणि तिच्यावर सुताराची पाणसळ ठेवून पाहावे. पाणसळ नसली तर फळीच्या दोन्ही टोकांचे जमिनीपासूनचे अंतर टेपने मोजावे. दोन्ही सारखी आली की सीट सपाट. तेथून सुरुवात करावी. तरीही दाब वाटला तर नाक किंचित खाली करावे. फूटभर फळीचे पुढचे टोक मागच्यापेक्षा अर्धा सेंटीमीटर खाली गेले म्हणजे सुमारे १ अंश कल झाला. एक ते दोन अंश पुष्कळ झाले. त्याहून जास्त केले की माणूस पुढे घसरू लागतो आणि त्याचे प्रायश्चित्त हातांना घ्यावे लागते.

ह्याचे एक उदाहरण सांगते. आमच्या वर्गातील एका काकूंना दोन्ही हातांना मुंग्या येत. त्यांनी हातमोजे आणले, हँडलला स्पंज गुंडाळला, तेलही चोळून झाले. एके दिवशी मी त्यांच्या सायकलीवर फळी ठेवून पाहिले तर सीटचे नाक चांगलेच खाली झुकलेले. म्हटले, 'काकू, हे कुणी केले?' त्या म्हणाल्या, 'पुतण्याने केले गं, मला बसायला टोचत होते म्हणून.' बैठकीचा त्रास गेला होता खरा, पण त्या दर क्षणी पुढे घसरत होत्या आणि हातांच्या जोरावर स्वतःला मागे लोटत होत्या. सीट जवळजवळ सपाट केली, हँडल दोन बोटे वर घेतले आणि आठवड्याभरात मुंग्या थांबल्या. दुखणे हातात होते, पण दोष सीटमध्ये होता. म्हणून मी म्हणते की, जेथे दुखते तेवढेच पाहू नये. तिन्ही ठिकाणे एकत्र पाहावीत.

आता हँडल. ते फार खाली किंवा फार लांब असले की आपण पुढे ओणवतो, कंबरेचा सांगाडा पुढे कलतो आणि भार बैठकीच्या हाडांवरून सरकून मऊ भागावर येतो. २०१२ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी स्पर्धेत उतरणाऱ्या ४८ सायकलपटू स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांचे हँडल सीटपेक्षा खाली होते त्यांच्या मऊ भागावर दाब अधिक आणि तेथली संवेदना कमी आढळली. शर्यतीत वारा कापायचा असतो म्हणून त्या तशा वाकतात. आपल्याला भाजी आणायची आहे, शाळेत जायचे आहे, सकाळी फेरी मारायची आहे. आपले हँडल सीटच्या बरोबरीला किंवा दोन-चार बोटे वर असावे, हेच बरे.

साध्या सायकलीचे हँडल वर घेणे सोपे आहे. मधला बोल्ट तीन-चार आटे सैल करावा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकावे की आतली पकड सुटते. मग हँडल फिरवत फिरवत वर ओढावे. येथेही दांड्यावर मर्यादेची खूण असते, ती ओलांडू नये. पुढचे चाक दोन पायांत धरून हँडल फिरवून पाहावे. ते चाकावेगळे फिरत असेल तर बोल्ट आवळलेला नाही. ब्रेकची तारही ताणली गेली नाही ना, हे पाहावे. नव्या गिअरच्या सायकलींची रचना निराळी असते, तेथे सायकलवाल्याकडून करून घ्यावे.

हँडल लांब आहे की जवळ हे कसे ओळखावे? हँडल धरले असता कोपरे थोडी वाकलेली आणि खांदे सैल राहिले पाहिजेत. हात ताठ काठीसारखे झाले असतील तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट मानेत पोहोचतो. सीट रुळावर पुढे-मागे सरकवता येते. पण केवळ हँडल जवळ यावे म्हणून ती पुढे ओढू नये, कारण तसे केले की गुडघे तक्रार करतात. सीट कोठे असावी याचा एक ढोबळ अंदाज आहे. पायडले जमिनीला समांतर करून पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्यासारखा ओळंबा सोडावा. तो साधारण पायडलच्या मध्यावर पडावा. एवढे करूनही हँडल लांबच वाटत असेल तर सीटला हात लावू नये, आपल्याकडे वळणारे हँडल बसवून घ्यावे.

हाताच्या बधिरपणाविषयी थोडे अधिक. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असेल तर अल्नर नावाचा मज्जातंतू दाबला जात आहे. कोपर दाराला आपटले की सणकन झिणझिण्या येतात ना, तोच हा. तळव्याच्या करंगळीकडच्या उशीखालून तो जातो आणि हँडलची मूठ नेमकी तेथेच टेकते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असतील तर दाब मनगटाच्या मध्यावरील मीडियन मज्जातंतूवर आहे आणि बहुधा मनगट मागे मुडपलेले असते. दोहोंवर उपाय सारखेच: मनगट हाताच्या रेषेत सरळ ठेवावे, ब्रेकची दांडी त्या रेषेत येईल अशी फिरवून घ्यावी, मूठ आवळू नये आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलावी. लाटण्याला जसा हलका हात लागतो तसा हँडललाही लागतो.

पायांचे फार नाही. चवड्याचा रुंद भाग पायडलच्या मध्यावर किंवा किंचित पुढे असावा, म्हणजे बोटांच्या मुळाशी दाब येत नाही. पातळ तळव्याच्या सपातेतून पायडलचे दात टोचतात आणि घट्ट बूट उन्हात पाय सुजला की आवळतो, दोन्ही टाळावीत. कपड्यांत बैठकीखाली जाड शिवण किंवा गाठ येऊ देऊ नये. जीनच्या चार पदरी शिवणीने जितका त्रास दिला आहे तितका सीटने दिला नसेल! टायर दगडासारखे फुगवू नये. किती हवा चालते ते टायरच्या कडेवर छापलेले असते, त्या मर्यादेत थोडी कमी ठेवली तर खडबडीत रस्त्याचे हादरे पुष्कळ कमी होतात. आणि सर्व काही नीट असले तरी दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त पुन्हा फिरते. लांबच्या सायकलस्वारांचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

हे सारे ऐकून घरी जाऊन एकदम सगळे बदलू नका. एका वेळी एकच बदल करावा, आधीचे माप वहीत लिहावे, सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीने खूण करावी आणि तीन-चार दिवस चालवून मगच पुढचा बदल करावा. क्रमही ठरवून घ्या: आधी सीटची उंची, मग तिचा कल आणि पुढे-मागे असणे, मग हँडल. नवी सीट विकत घेण्याचा विचार सर्वांत शेवटी. बहुतेकींना तेथवर जावेच लागत नाही.

आता एक गंभीर गोष्ट. सायकलीवरून उतरल्यावर बधिरपणा काही मिनिटांत जायला हवा. तो तासन्‌तास टिकत असेल, रोज वाढत असेल, हाताची पकड ढिली पडून वस्तू सुटत असतील किंवा बैठकीच्या जागी गाठ, सूज अथवा जखम असेल, तर पाना खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे. मधुमेह असलेल्या भगिनींनी पायाच्या बधिरपणाचा दोष सायकलीला देऊन स्वस्थ बसू नये. तो रोगाचाही असू शकतो. आणि कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला आणि लघवी अडली किंवा आवरेनाशी झाली, तर ते मणक्यातील मज्जातंतूंचे तातडीचे दुखणे असू शकते. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तेथे लाज धरली तर नुकसान कायमचे होते. डॉक्टरांना 'खाली कसेसेच होते' असे मोघम सांगू नका. कोठे, किती वेळ, कशाने वाढते, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

शेवटी आपल्या मुलींविषयी. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या वस्त्यांवरील शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यांची शाळा टिकली, याचे मोल मोठे आहे. पण योजनेतली सायकल असो की दुकानातली, ती एका ठोक मापात येते आणि मुली आठवीत एका उंचीच्या, दहावीत दुसऱ्या. दोन वर्षांत मुलगी वीतभर वाढते, सीट मात्र पहिल्या दिवशी होती तेथेच. मुलीचा फ्रॉक आखूड झाला की आईच्या लगेच लक्षात येते. सीट आखूड झाली हे कोणी पाहत नाही. मग ती मुलगी गुडघे धरते, कुरकुरते आणि एके दिवशी 'मला नको सायकल' म्हणते. दर सहामाही परीक्षेच्या वेळी तिची टाच पायडलवर ठेवून पाहा, एवढीच माझी आयांना विनंती आहे. आणि तिला नको त्या जागी टोचत असेल तर ते तिने न लाजता आईला सांगावे, इतका मोकळेपणा घरात ठेवा. आपल्याला तो मिळाला नाही. तिला मिळू दे.

मंडळाला माझी एक सूचना आहे. आपल्या कपाटात शिवणाचे टेप, कात्र्या आहेतच. त्यांच्या शेजारी दोन पाने, सहाकोनी किल्ल्यांचा एक जुडगा, एक पाणसळ आणि पुठ्ठ्याचे चार तुकडे ठेवू. महिन्यातून एका रविवारी सकाळी ज्यांना हवे त्यांनी आपापली सायकल घेऊन यावे. एकीने बसावे, दुसरीने मागून पाहावे, तिसरीने वहीत माप लिहावे. वाडीतल्या शेजारणींनाही बोलवावे, मंडळाच्या सभासद असोत वा नसोत. जिन्याखाली धूळ खात पडलेल्या सायकलींपैकी चार जरी ह्या वर्षात पुन्हा रस्त्यावर आल्या, तरी आपला वर्धापनदिन साजरा झाला असे मी समजेन.

 प्रश्न असतील ते येथे विचारा. चारचौघींत विचारायचे नसतील ते बाहेर चहाच्या वेळी माझ्या कानात सांगितले तरी चालेल. पण सांगा.